न्हाणीतला काळा दगड

तलवाडा, ता. गेवराई
६ नोव्हेंबर २०२४

चि. सायलीस,
सुंदरकाकाचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याचा राग धरू नकोस. आण्णांचे दिवस आटोपून तू परत निघालीस तेव्हा गाडीच्या खिडकीतून म्हणाली होतीस, काका, खुशाली कळवत जा. दिवाळीसुद्धा होऊन गेली आणि मी एक ओळ लिहिली नाही. कागद घेऊन बसायचो आणि काहीतरी निमित्त काढून उठायचो. या घरात पत्र लिहिण्याचं काम तुझ्या वडिलांचं, त्रिंबकआण्णांचं. ते थोरले, शिकलेले. मी चौथीत शाळा सोडली. तेव्हा चुकलं असेल ते समजून घे.

तू म्हणशील, फोन का करत नाही. मला स्पीकर लावल्याशिवाय फोनवर ऐकू येत नाही. स्पीकर लावला की तुझी काकू मध्येच बोलते आणि समोरची बायनाबाई दारात येऊन उभी राहते. बायनाबाई आमची चुलत बहीण असली तरी तिच्या कानावर गेलेलं गावभर होतं, हे तुला ठाऊकच आहे.

इकडे सगळं ठीक आहे. कापसाची वेचणी चालू आहे. मोसंबी यंदा बरी आहे, जाकीर गाडी घेऊन येतो आणि माल तुमच्या औरंगाबादला नेतो. काकूच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. ती मान्य करत नाही, पण परवा तिनं मिठाऐवजी सोडा घातला.

आता मुद्द्याचं. तू कॉलेजात दगडांचं शिकवतेस. मला एवढंच सांग, मुठीएवढा काळा दगड असला तर तो कुठला आहे हे ओळखता येतं का? म्हणजे नदीतला, डोंगरातला की खदानीतला? आपल्या भागात तर सगळेच दगड काळे. शेतात काळे, विहिरीत काळे, देवळाच्या पायरीला काळे. माणूस ओळखू येतो, बैल ओळखू येतो, दगड कसा ओळखायचा?

कारण काही नाही, सहज विचारलं. पण लवकर कळव. आणि काकूचा फोन आला तर तिच्याजवळ हे काढू नकोस.

तुझा काका
सुंदरराव


छत्रपती संभाजीनगर
१७ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र बघून किती बरं वाटलं. पाकिटावरचा गावाचा पत्ता वाचताना क्षणभर वाटलं की आतलं अक्षर आण्णांचं असेल. मग आपलं आपल्यालाच कळलं.

काका, तुम्हाला शेतात दगड सापडलाय आणि तो आभाळातून पडलाय असं कुणीतरी सांगितलंय, खरं ना? माझ्याकडे दर महिन्याला कुणीतरी असा दगड फडक्यात बांधून घेऊन येतं. जड आहे, काळा आहे, लोहचुंबक थोडं ओढतंय, म्हणजे उल्काच. मी फोडून दाखवते आणि बिचारे हिरमुसतात. तो आपला नेहमीचा काळा पाषाणच असतो. आम्ही त्याला बेसाल्ट म्हणतो.

आपल्या जिल्ह्याच्या खाली सगळा तोच आहे. फार फार पूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. मग त्याच्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. पटकन निवल्यामुळं त्याचे कण इतके बारीक राहिले की नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. लोखंडाचा अंश असल्यामुळं तो जड आणि काळा.

पण सगळे सारखे नसतात. पिठलं रटरटताना वर बुडबुडे येतात ना, तशी लाव्ह्याच्या वरच्या भागात वाफ अडकते. तिथला दगड भोकाभोकांचा होतो. पुढं काही भोकांत पांढरी गार भरते. थराच्या मधला दगड मात्र भरीव असतो, ठोकला तर खणखणतो. नदीतला असेल तर कडा झिजून गोल झालेल्या असतात. बरीच वर्षं उघड्यावर पडलेला असेल तर बाहेरून तपकिरी साल धरते आणि आत काळाच निघतो. खदानीतून सुरुंगानं नुकता फुटलेला असेल तर कडा धारदार असतात, हात कापेल अशा.

घरच्या घरी बघायचं तर चाकूनं ओरखडा काढून बघा, सहज पडणार नाही. लिंबू पिळा. चुनखडी असेल तर फसफसेल, आपला दगड गप्प राहील. कोपरा फोडून आतला रंग बघा.

तुमचा दगड आभाळातला नसला तरी वाईट वाटून घेऊ नका.

तुमची
सायली


तलवाडा
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सायलीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गोठ्यात जाऊन वाचलं, मग पुन्हा वाचलं. दगड आभाळातला नाही. आभाळातला असता तर बरं झालं असतं.

तू सांगितलंस तसं केलं. चाकूनं ओरखडा पडला नाही, चाकूचीच धार गेली. लिंबू पिळलं तर काकूनं नेमकं पाहिलं.

"दगडाला सरबत पाजताव व्हय?" म्हणाली.

"डाग काढतोय," म्हणालो.

"सदऱ्याचे काढा आदी."

कोपरा फोडण्याचा मात्र माझा धीर झाला नाही. का झाला नाही ते आता लिहितो. मनात ठेवून मला जेवण जात नाही.

त्या दिवशी स्मशानात मी पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन आण्णांभोवती फिरलो तेव्हा मागून दगडानं मडक्याला भोकं पाडली, ते तू पाहिलंस. तो दगड मीच उचलून दिला होता. तिथं शेडच्या बांधकामाचं दगडी डबर पडलं होतं, त्यातला. त्यालाच जीवखडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्यात राहतो, रोज त्याच्यावर पाणी घालायचं आणि दहाव्याला नदीत सोडायचा, अशी आपली रीत. तो घरात ठेवत नाहीत, म्हणून पांढऱ्या फडक्यात बांधून मी घराबाहेरच्या न्हाणीच्या कोनाड्यात ठेवला. अग्नी दिलेला माणूस मी, त्याची राखण माझ्याकडे.

त्याच कोनाड्यात आण्णांचा टाच घासायचा दगड असायचा. दहाव्याला मी फडकं उचललं, नदीवर नेलं, पिंडाला कावळाही लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, समाधानानं गेले. मी फडकं सोडून दगड पाण्यात टाकला. पहाटेचा अंधार, डोळ्यात पाणी, मी काय बघणार?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी न्हाणीत बसलो होतो. टाचेला भेगा पडल्यात म्हणून कोनाड्यातला आण्णांचा दगड घेतला आणि घासला. टाच कापली. रक्त आलं. आण्णांनी त्या दगडानं इतकी वर्षं टाचा घासल्या, त्यांना कधी लागलं नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. मी नदीत काय टाकलं आणि हे घरात काय राहिलं?

हा जर जीवखडा असेल तर आण्णा अजून कोनाड्यात आहेत. मी त्यांच्यावर टाच घासली. आणि मग कावळा शिवला तो कुणाला?

दगड जाकीरबरोबर पाठवतो आहे. फडक्यात बांधून दिला तर तो हसला. "चाच्या, एवढं गुंडाळून काय देताव, हिरा हाय का काय?" मी खरं काय ते सांगितलं. त्यानं फडक्याची गाठ नीट आवळली. मग म्हणाला, "तर मंग मागं क्रेटात कावून ठिवू? त्रिंबकचाच्या पुढं बसत्याल." आणि त्यानं तो आपल्या शेजारच्या सीटवर ठेवला.

नीट तपास आणि खरं काय ते लिही. माझी समजूत घालण्यासाठी काही लिहू नकोस. काकूला अजून माहीत नाही.

सुंदरराव


छत्रपती संभाजीनगर
४ डिसेंबर २०२४

ती. काकांस नमस्कार.

जाकीरभाई कॉलेजच्या फाटकाशी येऊन दगड देऊन गेले. चहा घ्या म्हटलं तर थांबले नाहीत. मोसंबीची पिशवी मिळाली.

तपासायला थोडा वेळ लागेल. परीक्षा चालू आहेत. तुम्ही जेवत जा आणि टाचेला हळद लावा.

सायली


तलवाडा
२१ डिसेंबर २०२४

चि. सायलीस आशीर्वाद.

तुझं एवढंसं पत्र आलं आणि त्यानंतर काही नाही. चाकूनं ओरखडा काढायला किती वेळ लागतो? तुझी तब्येत बरी आहे ना? की दगड वाटेत हरवला आणि तू सांगत नाहीस? जाकीरला विचारलं तर तो अल्लाची शपथ घेऊन म्हणाला की तुझ्याच हातात दिला. की तुला कळलं आहे आणि लिहवत नाही? रात्रंदिवस हेच चाललं आहे.

मी न्हाणीत जाणं सोडलं आहे. अंगणात बादली घेऊन आंघोळ करतो. थंडी मी म्हणते आहे. त्यावरूनच काकूला संशय आला. शेवटी सांगावं लागलं. मी विचारलं, दहाव्याच्या पहाटे फडक्याला हात लावला होतास का?

"लावला की," म्हणाली. "मुंग्यांनी भरलतं फडकं. नदीवर न्यायचं, घाण कसं द्यायचं? धुतलं, पिळलं, परत बांधलं."

"दगड कुठं ठेवलतास?"

"तितंच, बाजूला." मग तिचा चेहरा बदलला. "दुसरा बांधला म्हंता?"

मी मान डोलावली.

"मला काय दिसतंय व्हय? दोनी काळेच. मी आंधळी, पर तुमी तर डोळस हाव ना? नदीवर सोडलं तवा काय बघितलं?" असं म्हणून ती रडायला लागली. रडणं ऐकून बायनाबाई आली. सगळं काढून घेतलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्हंजी त्रिंबकदादा आजून न्हाणीतच बसल्यात म्हणा की. बरं झालं बाई, मी तुमच्याकडं आंघोळीला येत न्हाई." आता गावात मला बघून लोक बोलणं थांबवतात.

काकूचं मी काही चुकलं मानत नाही. आण्णांना मळकं फडकं नको, एवढंच तिच्या मनात होतं. पण ती आता जेवताना घास हातात धरून बसते.

मला आठवतं तेवढं लिहितो, त्याचा उपयोग झाला तर बघ. आण्णांचा टाचेचा दगड एका बाजूनं सपाट झाला होता. आण्णा तो कुणाला वापरू देत नसत. एकदा मी घेतला तर ओरडले, ठेव तो. एवढ्याशा दगडाचं काय ते, मला कधी कळलं नाही. तो कुठून आणला होता, तुला माहीत आहे का?

लिही गं बाई. वाईट असलं तरी लिही.

सुंदरराव


छत्रपती संभाजीनगर
२ जानेवारी २०२५

ती. काका आणि काकूंस,
सा. नमस्कार.

परीक्षा तर केव्हाच संपल्या होत्या. फडकं सोडलं त्याच क्षणी मला कळलं होतं. लिहिण्याचा धीर होत नव्हता. खोटं लिहिणं सोपं होतं. दगडाबद्दल मी जे लिहीन ते तुम्ही मानलं असतं. तसं एक पत्र लिहूनही झालं होतं. पण तुम्ही समजूत घालू नकोस असं बजावलं होतंत, म्हणून ते फाडलं.

काका, तुम्ही पाठवलेला दगड टाच घासायचा नाही. तो भरीव आहे, त्यात एकही भोक नाही. तीन बाजू ताज्या फुटलेल्या आहेत, त्यांच्यावर साल धरलेली नाही. कडा अजून धारदार आहेत. एका बाजूला अर्धगोल खाच आहे, ती खदानीत सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची. म्हणजे हा बांधकामाच्या डबरातलाच. आणि एका कोपऱ्याच्या खोबणीत भिंगातून थोडी लाल पूड दिसते. ती भाजलेल्या मातीची वाटते. मडक्याचीच, असं मी शपथेवर सांगणार नाही, पण मला तसं वाटतं. हाच जीवखडा आहे.

आता दुसऱ्या दगडाचं. तो कुठून आला हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमची सहल धारूरच्या घाटात गेली होती. सरांनी लाव्ह्याचा थर दाखवला, खाली भरीव, वर भोकाभोकांचा. मी वरच्या भागातला एक तुकडा उचलला. आयुष्यात मी ओळखलेला पहिला दगड तो. घरी येऊन आण्णांना सगळं समजावलं, वाफ कशी अडकली, भोकं कशी पडली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे टाच घासायला चांगला." मी चिडले होते. दुसऱ्या दिवशी बघते तर खरोखर न्हाणीत बसून घासत होते. "तुझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग," म्हणाले.

आण्णा तो दगड कुणाला का देत नसत, हे तुमच्या पत्रामुळं मला आज कळलं.

तेव्हा गोदावरीत तो गेला. त्याच्यात भोकं होती, त्या भोकांत इतक्या वर्षांची त्यांच्या टाचेची माती होती. कावळा कुणाला शिवला ते मला सांगता येणार नाही. तो माझा विषय नाही. पण त्या दगडाला मी परका म्हणणार नाही.

काकू, तुम्ही घास हातात धरून बसू नका. चांगला उजेड आणि चांगले डोळे असूनही माझे विद्यार्थी हे दोन दगड परीक्षेत चुकतात.

त्या दिवशी मला मडकं घ्यायचं होतं, काका. बायनाबाई आत्यांनी हात धरून मागं ओढलं. मी तुमच्यावर रागावलेली नाही, पण वाईट वाटतं ते अजून जात नाही. म्हणूनही असेल, हा दगड टेबलावर ठेवून मी इतके दिवस काढले. इथं आलेल्या प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगानं क्रमांक घालतात. याच्यावर घालू दिला नाही. एका मुलीनं विचारलं, मॅडम, हा नमुना कुठला? मी म्हटलं, हा नमुना नाही, आमच्या घरचा आहे.

जाकीरभाई पुढच्या खेपेला आले की परत पाठवते. तुम्ही तो नदीत सोडा आणि न्हाणीत आंघोळ करा. थंडी फार आहे.

तुमची
सायली


तलवाडा
९ जानेवारी २०२५

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं. धारूरच्या दगडाचं आलं तेव्हा मला पुढचं वाचता येईना. तीच म्हणाली, "वाचा की, थांबला कावून?" पुढचं सगळं तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लेकीनं दिलेला दगड गेला म्हंजी सोबत. मंग आण्णा रिकाम्या हातानं न्हाई गेले." आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

माझं मात्र अर्धंच हलकं झालं. खरा जीवखडा अजून तुझ्या टेबलावर आहे. त्याला ताटकळत ठेवणं बरोबर नाही. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले पौष अमावास्येला सोडा, चालतं. कुणाच्या हातानं सोडायचा, हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी सांगितलं असतं.

दगड जाकीरबरोबर पाठवू नकोस. तू घेऊन ये आणि तूच सोड.

बायनाबाईला काल स्पष्ट सांगून टाकलं. ती म्हणाली, "पोरीच्या हातनं? कुटं बघितलंय असं?" तेवढ्यात काकू घरातून बाहेर आली. म्हणाली, "भावानं उचलला, म्या बदलला, आन् गावानं चघळला. वळखला फकस्त तिनं. मंग सोडल बी तीच." बायनाबाई उठून गेली. ती अमावास्येला येईल की नाही ठाऊक नाही. मला वाटतं येईल, काय होतं ते बघायला तरी.

आता माझी काळजी. येताना दगड बॅगेच्या तळाशी घालू नकोस, डब्याखाली तर नकोच. मांडीवर धर. गेवराईला उतरल्यावर थांब, मी गाडी घेऊन स्टँडवर असेन. लवकर आलीस तर कुठं जाऊ नकोस, मला शोधत बसावं लागेल. नदीला पाणी किती असेल सांगता येत नाही. काठाचे गोटे शेवाळलेले असतात, तू शहरातली चप्पल घालून येशील आणि घसरशील, तेव्हा पायात घट्ट काहीतरी घाल. पाण्यात उतरताना तुझा एक हात मी धरीन. दगडाचा हात तुझा तू मोकळा ठेव. त्या हाताला कुणी धरणार नाही.

सुट्टी मिळते का? मिळत नसेल तर तसं कळव, पुढची अमावास्या बघू. पण तुझ्याशिवाय करणार नाही, हे ठरलं आहे. कोणत्या गाडीनं निघतेस एवढ्या दोन ओळी हे पत्र मिळताच टाक. उत्तर येईपर्यंत मी रोज पोस्टमनच्या वाटेवर असेन.

तुझा काका
सुंदरराव